परसदारचे सोबती

इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा घराच्या दर्शनी बाजूस असते. दिंडीदरवाजातून कोण आत आले, ओसरीवर कोणाची बैठक बसली, दिवाणखान्यात कोणत्या करारावर मोहोर उमटली, हे सारे कोठे ना कोठे नोंदलेले असते. राजाच्या घोड्याचे नाव बखरीत मिळते, हत्तीच्या झुलीचा खर्च दप्तरात मिळतो. परंतु ज्या घरांतून हा कारभार चालत होता त्यांच्या मागच्या दारी काय चालले होते, कोणते जनावर बांधलेले होते, कोणते पाखरू दाणे टिपीत होते आणि त्यांना कोण कोणत्या भाषेत हाक मारीत होते, हे लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. आज आपण या मागच्या दाराने आत शिरणार आहोत. त्यासाठी मी जागा निवडली आहे ती महाराष्ट्राच्या नकाशाबाहेरची, पण मराठी माणसाला मुळीच परकी नसलेली: रायपूर शहरातील बूढापारा.

'पारा' म्हणजे छत्तीसगढीत वस्ती, आळी. बूढा तलावाच्या काठची वस्ती ती बूढापारा. तलावाचे हे नाव गोंडांच्या बूढादेवावरून पडले असे परंपरा सांगते. या मुलखात मराठी माणूस आला तो भोसल्यांच्या निशाणामागून. १७४१ साली भास्करपंतांनी रतनपुरावर स्वारी केली आणि कलचुरींची सत्ता मोडली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार केला. त्यांच्यामागे नागपूरहून नेमलेले सुभेदार आले. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीच्या काळात अ‍ॅग्न्यू साहेबाने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. राजा गेला, पण कारकून राहिला. वकील, मास्तर, तहसीलदार, पोस्टमास्तर अशा वेषांत मराठी घरे येथे वाढत गेली. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० साली काढणारे, समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हे या परंपरेतील सर्वांत मोठे नाव. त्यांच्या नावाची शाळा बूढापाऱ्यातच आहे.

या घरांची रचना सारखीच असे. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे परस. परसात विहीर, तुळस, जामाचे झाड, आणि एक मुनगा. (पुण्याच्या श्रोत्यांसाठी सांगावयास हवे की आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात आणि शेवग्याला मुनगा.) परसाच्या पलीकडे एक गुडघ्याएवढी मातीची भिंत, भिंतीपलीकडे शेजाऱ्याची 'बारी', म्हणजे त्याचे परस. ओसरीवर मराठी बोलत, कचेरीत हिंदी, आणि परसात छत्तीसगढी. कारण पाणी भरणारी, भांडी घासणारी रौताइन मागच्या दाराने येई, आणि घरातील बायका तिच्याशी तिच्याच भाषेत बोलत. मराठी घराने छत्तीसगढी शिकली ती शाळेत नव्हे, या परसात. आणि त्या भाषेतले पहिले शब्द जनावरांचे होते.

घरातील जनावरांत गायीचा मान पहिला, म्हणून तिच्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. एवढेच सांगतो की सणांच्या बाबतीत मराठी घराला येथे परकेपणा वाटला नाही. पोळा दोन्हीकडे एकाच दिवशी, भाद्रपदाच्या तोंडावरच्या अमावास्येला. नागपूरकडच्या मुलांचा तान्हा पोळा लाकडी बैलांचा, छत्तीसगढच्या मुलांचा नांदिया बैल मातीचा, चाके दोघांनाही. दिवाळीत राऊत नाचत येतात आणि गायीच्या गळ्यात सुहई बांधतात. याच मुलखात अठराव्या शतकात जन्मलेल्या गुरू घासीदासांनी आपल्या सतनामी अनुयायांना मांस वर्ज्य करण्यास सांगितले आणि गायीला नांगरास जुंपू नये, दुपारनंतर नांगर चालवू नये, असेही नियम त्या पंथात आले. जनावराला दुपारनंतर विसावा द्यावा हा नियम एखाद्या कायद्याच्या पुस्तकात मला आढळला असता तर मी त्याच्या शेजारी तांबड्या शाईने खूण केली असती.

पोपटाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. घराच्या आत, माजघराच्या तुळईला टांगलेला, घरातलेच शब्द घरच्यांना ऐकविणारा असा हा एकच पक्षी. संस्कृत कवींना त्याच्या या गुणाचा मोह पडला. अमरुशतकात एक प्रसंग आहे: रात्री नवराबायको बोलले ते पोपट सकाळी वडीलधाऱ्यांसमोर म्हणू लागतो, आणि लाजेने चूर झालेली सून कानातले माणिक त्याच्या चोचीत कोंबून, डाळिंबाचा दाणा दिल्याचा बहाणा करून, त्याचे तोंड बंद करते. संयुक्त कुटुंबाचा इतका नेमका इतिहास अन्यत्र क्वचितच मिळेल. त्याच्याही आधी, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी ज्या प्राण्यांना मारू नये म्हणून स्तंभावर यादी कोरविली त्या यादीचा आरंभच पोपट आणि मैना यांनी होतो. छत्तीसगढात तर दिवाळीच्या दिवसांत बायका टोपलीत धान भरतात, त्यावर मातीचा पोपट ठेवतात आणि त्याच्याभोवती टाळ्या वाजवीत फेर धरतात. तो सुआ नाच. माहेरी जे कळवावयाचे, नवऱ्याला जे सांगता येत नाही, ते त्या मातीच्या पोपटाला सांगावयाचे. घरातला पोपट ऐकलेले बोलून दाखवितो; टोपलीतला पोपट ऐकून घेतो आणि गप्प राहतो. बायकांनी दुसरा निवडला यात नवल काय?

या प्रेमाला एक दुसरी बाजू होती, ती पिंजऱ्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे नव्वदीच्या सुमारास देशी पाखरांच्या व्यापारावर आलेल्या बंदीने घरचा मिठू कायद्याच्या दृष्टीने रानातला कैदी ठरला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये छत्तीसगढच्या वनखात्याने या कायद्याची आठवण करून देणारा आदेश काढला तेव्हा घरोघर धांदल उडाली. थोड्याच दिवसांत घरी पाळलेल्या पोपटांवरील कारवाई थांबविण्यात आली. सरकारी नोकर म्हणून मला कायद्याची बाजू मान्य आहे, कारण बाजारातला प्रत्येक पोपट कोठल्या तरी ढोलीतून ओरबाडून आणलेला असतो. परंतु वीस वर्षे एका घरात राहिलेल्या पाखराला रान हे घर वाटेल काय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कलमात नाही.

कुत्र्याच्या वाट्याला मात्र स्मारके आली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवितात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना सावध केले अशी कथा आहे. आमच्या छत्तीसगढात याहून एक पाऊल पुढे गेले आहेत. बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेवाचे चक्क मंदिर आहे. ते फणिनागवंशी राजांच्या काळातले, म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकातले, मानतात. तेथील कथा अशी. एका बंजाऱ्याने दुष्काळात आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कोठे पुरला ते कुत्र्याने पाहिले होते, त्याने सावकाराला तेथे नेऊन माल मिळवून दिला. सावकार प्रसन्न झाला. कर्ज फिटले असे चिठ्ठीत लिहून ती त्याने कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे केले. कुत्रा आनंदाने धन्याकडे धावला. धन्याला वाटले, हा पळून आला, याने माझा शब्द मोडला. आणि त्याने काठीने त्याला मारून टाकले. चिठ्ठी नंतर दिसली. ही कथा हिंदुस्थानात इतरत्रही सांगतात, पण देऊळ बांधून तिची लाज जपावी असे थोड्यांनाच सुचले. कुत्रा चावलेली माणसे तेथे श्रद्धेने येतात. त्यांनी आधी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी, हे बोलण्याच्या ओघात सांगून टाकतो.

मांजराने स्वतःचा इतिहास कोणाला लिहू दिलेला नाही, म्हणून तिला सोडून देतो.

आता बूढापाऱ्याच्या सर्वांत प्रसिद्ध रहिवाशाकडे वळू. १८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास आले आणि त्यांचे कुटुंब बूढापाऱ्यात राहिले. त्यांचा मुलगा नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता. चांगली शाळा नसल्यामुळे त्याचे शिक्षण घरीच, वडिलांशी वाद घालीत झाले, आणि १८७९ मध्ये हे कुटुंब कलकत्त्यास परतले. तोच पुढे स्वामी विवेकानंद. बूढा तलावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात आणि तलावात त्यांचा भव्य पुतळा बसलेला आहे. पुतळ्यातील स्वामी ध्यानस्थ आहेत. परंतु मला या प्रसंगी आठवतात ते बेलूर मठाच्या अंगणात प्राण्यांच्या गराड्यात उभे असलेले स्वामी. लहानपणी कलकत्त्याच्या घरी त्यांच्यापाशी माकड, बकरी, मोर, कबुतरे, गिनिपिग असे गोकुळ होते. आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत, १९०१ आणि १९०२ मध्ये, जग हिंडून आलेल्या या माणसाने मठात पुन्हा तेच गोकुळ जमविले: बाघा नावाचा कुत्रा, हंसी नावाची बकरी, गळ्यात घुंगरू बांधलेले मटरू नावाचे करडू, बदके, हंस, गायी, मेंढ्या. १९०१ मधल्या एका पत्रात त्यांनी एका मोठ्या हंसीच्या दुखण्याची हकीकत लिहिली आहे. तिची पिसे झडू लागली. दुसरा उपाय ठाऊक नसल्यामुळे त्यांनी तिला सौम्य कार्बोलिक घातलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवले, आणि ती बरी झाली. बाघाला एकदा अपराधाबद्दल गंगेपार हद्दपार केले, तर तो होडीत बसून परत आला आणि स्वामींच्याच दाराशी येऊन निजला. तेव्हापासून त्याला कोणी घालवावयाचे नाही असे ठरले. शिकागोचे भाषण शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. मुलांना ही होडीची गोष्टही सांगावी, असे मला वाटते.

गायीला सण मिळाला, पोपटाला कविता, कुत्र्याला समाधी. परसातील एक रहिवासी मात्र असा की जो संख्येने सर्वांत मोठा आणि मानाने सर्वांत धाकटा. ती कोंबडी. खरे सांगावयाचे तर या भाषणाला मी तिच्यासाठीच उभा आहे.

कोंबडीचे घराणे मोठे आहे. आपल्या देशात दोन रानकोंबडे आढळतात. तांबडा रानकोंबडा उत्तरेकडे आणि पूर्वेकडे, जेथे साल वृक्षाची वने आहेत तेथे; पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी साल आणि तांबडा रानकोंबडा यांचा मुलूख साधारण एकच असल्याची नोंद केली आहे. करडा रानकोंबडा दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे, आपल्या सह्याद्रीत. दोघांचे मुलूख मध्य हिंदुस्थानात, पचमढीच्या बाजूस, एकमेकांना भिडतात. छत्तीसगढ हा सालवनांचा, म्हणून तांबड्याचा प्रदेश. महाराष्ट्राचा घाट करड्याचा. घरची कोंबडी केवळ तांबड्यापासून झाली असे डार्विनने १८६८ मध्ये प्रतिपादिले. ते बहुतांशी खरे ठरले. परंतु २००८ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी दाखविले की अनेक कोंबड्यांचे पाय जे पिवळे असतात तो पिवळेपणा तांबड्याकडून आलेला नाही, तो करड्या रानकोंबड्याचा वारसा आहे. म्हणजे शेजारणीच्या बारीतून आमच्या भिंतीवर उडी मारून येणारी ती पिवळ्या पायांची कोंबडी देहाने तांबड्याची आणि पायांनी करड्याची होती! मराठी माणूस छत्तीसगढात येण्यापूर्वी किती तरी आधी दोन्ही रानांची सोयरीक तिच्या पायांत जुळलेली होती.

ती माणसाच्या घरी आली कशी? पूर्वी तिचे माणसाळणे फार प्राचीन मानीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार घरच्या कोंबडीचा निःसंशय म्हणता येईल असा सर्वांत जुना पुरावा मध्य थायलंडमधील बान नोन वाट येथे मिळतो, तो ख्रिस्तपूर्व १६५० ते १२५० या काळातला. कारण सांगितले जाते ते भाताचे. माणूस भात पेरू लागला, साठवू लागला, सांडू लागला, आणि सांडलेल्या दाण्यांसाठी रानकोंबडा झाडावरून खाली उतरला. धानाचे कोठार म्हणविणाऱ्या छत्तीसगढात हे कारण समजावून सांगावे लागत नाही. ढेकीत धान कुटले की तांदळाच्या कण्या उरतात. त्यांना येथे कनकी म्हणतात. कनकी टाकली की कोंबड्या जमतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा तो पहिला करार रोज सकाळी असा पुन्हा लिहिला जातो.

त्याच संशोधनातील दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. युरोपात कोंबडी पोचल्यानंतर कित्येक शतके तिला खात नसत. ती अखंड पुरलेली सापडते; पुष्कळदा माणसांबरोबर, पुरुषांशेजारी कोंबडा आणि स्त्रियांशेजारी कोंबडी. ज्यूलियस सीझरने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात ब्रिटनच्या लोकांविषयी लिहिले आहे की ससा, कोंबडा आणि हंस खाणे ते निषिद्ध मानतात, पण केवळ हौसेसाठी पाळतात. म्हणजे कोंबडी आधी घरातली झाली आणि मग ताटातली. आपल्याकडेही काही वेगळे घडलेले दिसत नाही. पतंजलीच्या महाभाष्यात व्याकरणाचा एक मुद्दा पटविण्यासाठी उदाहरण येते: गावातील कोंबडा खाऊ नये असे म्हटले की रानातील खावा हे आपोआप समजते. मनुस्मृतीतही निषेध आहे तो ग्रामकुक्कुटाचा. गावचा कोंबडा उकिरडा उकरतो म्हणून तो अपवित्र, असे कारण देतात. त्याच्या जोडीला गावचे डुक्कर घातलेले पाहता ते कारण खरेही असेल. परंतु जो उंबऱ्यापाशी वावरतो तो भक्ष्य नव्हे, ही जुनी भावनाही त्या निषेधाच्या तळाशी असावी, असा माझा तर्क आहे. अशोकाने तर स्तंभलेखात कोंबड्याला खच्ची करू नये असे स्वतंत्र कलमच घातले.

ज्यांनी तिला वर्ज्य ठरविले त्या पंडितांनी तिच्या नवऱ्याचे ऋण मात्र मोकळ्या मनाने मान्य केले. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत या स्वरांच्या लांबीचे मोजमाप पाणिनी 'उ'काराने सांगतो. 'अ' सोडून 'उ' का घेतला, तर कोंबड्याच्या आरवण्यात उ, ऊ आणि लांबलेला ऊ हे तिन्ही क्रमाने ऐकू येतात म्हणून, असे टीकाकार सांगतात. कार्तिकेयाच्या ध्वजावर कोंबडा आहे. चाणक्यनीतीत कोंबड्याकडून चार गुण शिकावे असे म्हटले आहे: वेळेवर उठणे, लढणे, आप्तांना वाटून देणे आणि आपल्या पायांनी उकरून खाणे. व्याकरण त्याचे, ध्वज त्याचा, नीती त्याची. आणि तो भिंतीवर आला की घरात हाकाटी, 'हाकला त्याला, विहिरीला विटाळ होईल!' हा विटाळ पाखराचा नव्हता, हे उघडच आहे. तो पाखराच्या मालकिणीचा होता. परसातील ती गुडघ्याएवढी भिंत कोंबडीला अडवीत नव्हती. ती कोंबडी पाळणाऱ्यांना अडवीत होती. जातींचा इतिहास मोठ्या सभांतून आणि सत्याग्रहांतून शिकावा हे खरेच. पण कोणत्या घरी गाय, कोणत्या घरी पोपट आणि कोणत्या घरी कोंबडी, एवढे पाहिले तरी एका आळीचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि ज्या बूढादेवाच्या नावाने ही आळी नांदत होती त्याला गोंड लोक साजाच्या झाडाखाली कोंबडा वाहतात, हे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नमूद आहे. मालकाचा नैवेद्य भाडेकरूला विटाळ वाटावा, असा हा प्रकार!

भिंत पडली ती अंड्याने. माझ्या आजीच्या घरी एका अशक्त मुलाला डॉक्टरांनी रोज एक अंडे सांगितले. अशी आज्ञा त्या काळी पुष्कळ मराठी घरांत आली आणि पुष्कळ घरांनी तिच्यातून सारखीच वाट काढली. अंडे घरात आणावयाचे नाही. परसात तीन विटांची निराळी चूल, एक निराळे पातेले, आणि ते उकळून देण्यासाठी भिंतीपलीकडची शेजारीण. मुलगा भिंतीपाशी उभा राहून खाई आणि चूळ भरून आत येई. आजी पाठ करून तुळशीला पाणी घाली. तिने पाहिले नाही म्हणजे ते झाले नाही. परंतु शेजारीण कोणती कोंबडी अंड्यावर आहे, कोणती खुडूक होऊन बसली आहे, कोणत्या तलंगेने काल पहिले अंडे दिले, हे सांगत असे, आणि आजी पाठमोरीच ते ऐकून घेई. वर्षभरात आजीला भिंतीपलीकडच्या सगळ्या कोंबड्यांची कुळकथा ठाऊक झाली. एके दिवशी मुंगूस शिरून एक कोंबडी गेली तेव्हा विचारपूस करावयास प्रथम आजीच भिंतीपाशी गेली, असे आई सांगते.

कोंबडीचा व्यवहार हा बायकांचा व्यवहार होता, हे येथे सांगावयास हवे. बैल नवऱ्याचा, शेत सासऱ्याचे, पण कोंबडी तिची. मीठ, बांगड्या, पोराची पाटी, माहेरच्या वाटेचे भाडे हे अंड्यांतून निघे, आणि त्याचा हिशेब पुरुष मागत नसत. डालग्याखाली झाकलेली ती संपत्ती दिसावयास क्षुद्र होती. पण ज्या बाईच्या नावावर काहीच नव्हते तिच्या दृष्टीने ती खजिना होती. एकवीस दिवस अंडी उबविणारी खुडूक कोंबडी हा त्या खजिन्याचा टांकसाळ्या. आजच्या पिंजऱ्यातील लेगहॉर्न कोंबडी वर्षाला तीनशे अंडी देते, गावठी साठ-सत्तर. परंतु लेगहॉर्न खुडूक होत नाही, तिच्यातील आईपण निवडून निवडून काढून टाकले आहे. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, तिचे मुख्य ठाणे पुण्यात आहे. ज्या पुण्यात एकेकाळी अंडे हा शब्द सोवळ्यात उच्चारीत नसत तेथून देशभरच्या अंड्यांचे भाव सांगितले जावेत, याची मौज वाटते. या नव्या व्यवहारात अंडे स्वस्त झाले, मुलांच्या तोंडी लागले, हे चांगलेच झाले. फक्त पैसा बाईच्या पदराच्या गाठीतून कंपनीच्या वहीत गेला.

आणि मग फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला; देशातील पहिली अधिकृत नोंद ती. मोठमोठ्या कुक्कुटशाळांतील लक्षावधी पाखरे मारली गेली, आणि ठरविलेल्या परिघातील झोपडीपुढच्या दोन-चार कोंबड्याही. साथ रोखावयाची तर दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. नुकसानभरपाईचा तक्ताही होता. परंतु तक्त्यात पाखराचा दर असतो. खुडूक बसलेल्या कोंबडीखालच्या अठराव्या दिवसाच्या अंड्यांना रकाना नसतो.

तरीही परसातील कोंबडी संपलेली नाही. आपल्याकडे १९१९ पासून पशुगणना होते. २०१९ च्या विसाव्या गणनेत देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांतील सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली होती, आणि परसातल्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. बूढापाऱ्यात मात्र परसेच उरली नाहीत. त्यांच्या जागी दुकाने आणि मजले उभे राहिले. शहराबाहेर पडले की पहाट अजून 'कुकरा बासत' होते, म्हणजे कोंबडा आरवताना. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, अशी आपली म्हण आहे. २०१३ मध्ये जपानमधील नागोया विद्यापीठात कोंबड्यांना रात्रंदिवस मंद उजेडात ठेवून पाहिले, तेव्हा बाहेरचे काही न दिसताही ते पहाटेच्या सुमारासच आरवत राहिले. त्यांचे घड्याळ त्यांच्या आतच असते. म्हणजे झाकल्याने उजाडायचे तर राहत नाहीच, आरवायचेही राहत नाही.

रायपुरापासून जवळच्या एका गावी मी एकदा गणना करणाऱ्या माणसाबरोबर गेलो होतो. त्याच्या हातात छापील तक्ता: देशी किती, सुधारित किती, नर, मादी, पिले. एका घरापुढे म्हातारी कनकी टाकीत बसली होती. 'कुकरी किती, दाई?' त्याने विचारले. 'गिनती तो नइ जानंव साहब, नाव बता दुहूं,' ती म्हणाली. मोजता येत नाही, नावे सांगते. आणि तिने सुरुवात केली: कजरी, लाली, चितकबरी, खोरी... तो प्रत्येक नावाला एक रेघ मारीत गेला. बारा रेघा झाल्यावर ती थांबली, बोटांवर काही आठवले, आणि म्हणाली की तेरावी एक शेजारणीची आहे, पण निजायला आमच्याकडेच येते. ती कोणाच्या घरी लिहायची ते साहेबांनीच ठरवावे.